जमादारांचा पट्टा

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी माझ्याच जमादाराला अटक केली.

असं एका ओळीत सांगितलं की ऐकणारा मला सांभाळून घेतो. म्हणतो, अंधार असेल, गर्दी असेल, कुणी चुगली केली असेल. तसलं काही नव्हतं. लख्ख ऊन होतं. आसपास चिटपाखरू नव्हतं. माझी नजर चांगली होती, आणि डोकं रोजच्यासारखंच चालत होतं. घोटाळा काय तो त्या डोक्याचाच.

मी शहापूरचा. विणकराच्या घरातला. वडिलांनी मला आधी मागावर बसवून पाहिलं. माझ्या हातून उतरलेलं पहिलं लुगडं त्यांनी उजेडाकडे धरलं, त्यातून समोरचं देऊळ पाहिलं, आणि म्हणाले, "बाबा, ह्यातनं रवा चाळता ईल. बाईमानसाला द्यायला नगं." आमच्या घराण्यात दोऱ्याशी वैर असलेला मी पहिलाच पुरुष. पण उंची होती, छाती फुगवता येत होती, म्हणून मला पोलिसात धाडलं. बेळगावच्या मैदानावर कवायत शिकलो आणि निपाणीला नेमणूक झाली.

ठाण्यावर मुनशीने मान वर न करताच सांगितलं, "जमादार कोगनोळीकडं गेल्यात. जा, त्यांच्यापुढं हजर हो. नागोजी जमादार म्हनून इचार, कोनबी सांगंल."

मी कुणालाही विचारलं नाही. पोलिसाने विचारायचं नसतं, पोलिसाला लोकांनी विचारायचं असतं, अशी माझी समजूत होती.

कोगनोळीच्या पुढे दूधगंगा. अलीकडचा काठ खालसा, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. पलीकडे संस्थान. आमची वर्दी पाण्यापर्यंत चालायची, पुढे तिला कुणी ओळखत नसे. त्यामुळे म्हशी चोरणाऱ्यांची चैन होती. म्हैस अलीकडे चोरायची, नदी ओलांडायची, आणि पलीकडच्या काठावर तीच म्हैस आमच्या देखत घासून घासून धूत बसायचं. धरायला जायचं तर परवानगी पाहिजे, आणि ती येईपर्यंत म्हैस व्यालेली असायची.

मी काठावर पोचलो तर नदीतून एक वरात येत होती. खाली एक आडदांड माणूस, अंगावर फक्त लंगोट, पांढऱ्या मिशांतून पाणी गळतंय. त्याच्या खांद्यावर दुसरा माणूस बसलेला. कोरा कोट, जरीकाठी रुमाल, हातात नव्या वहाणा. आणि दोघांच्या कमरेला मिळून एकच दोर.

काठावर उतरल्याबरोबर कोटवाला माझ्याकडे धावला. म्हणजे दोराने धावू दिलं तेवढा धावला.

"शिपाई! देवासारखं आलासा! ह्यो मानूस मला जेवनाच्या पंगतीतनं उचलून आनतोय. धरा ह्येला!"

लंगोटवाला गरजला, "अटेनशान!"

माझ्या टाचा आपोआप जुळल्या. आणि टाचा जुळलेल्या अवस्थेत मी विचार केला. एकाच्या अंगावर कोट, दुसऱ्याच्या अंगावर लंगोट. चोर कोण हे ठरवायला काय फौजदार लागतो?

"मी जमादार हाय," लंगोटवाला म्हणाला.

"आन मी लाटसाहेब," मी म्हणालो. हे वाक्य पुढे ठाण्यात माझ्या मानेवर बसलं ते बसलंच. लाटसाहेब, पाणी भरा. लाटसाहेब, घोड्याखालचं काढा.

कोटवाल्याची कंबर मोकळी करून मी त्याच दोराने दुसऱ्याचे हात बांधायला घेतले. "मी शहापूरचा हाय, मला फसवू नगंस," असंही बजावलं. त्या माणसाने मनात आणलं असतं तर मला उचलून नदीत भिरकावलं असतं. पण तो माझ्या बोटांकडे बघत राहिला. मग त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"गाठ चुकली."

"गप."

"गप काय? हिसडा दिला की सुटंल. सोड. परत बांध. अंगठा आत घे माजा. हां. आता वड. लई नगं, रगत थांबतंय. आता बरं."

तोवर कोटवाला म्हणाला, "साहेब, नाव सांगा तुमचं, वर कळवतो." आणि मघाशी कोरड्या कपड्यांसाठी खांद्यावर बसून आलेला तो गृहस्थ कोट-रुमालासकट नदीत उतरून चालू लागला. तो गुंडू. नदीच्या दोन्ही काठांवरच्या म्हशी ज्याला चालीवरून ओळखत, तो गुंडू. जमादार कित्येक वर्षं त्याच्या मागे होते आणि त्या दिवशी त्यांनी त्याला सासुरवाडीच्या लग्नातून, भाताचा घास हातात असताना उचलला होता.

मी माझ्या कैद्याला कोगनोळीतून मिरवत नेलं. लोक त्याला "रामराम जमादार" म्हणत होते. मला वाटलं, थट्टा करतात. चौकीतला शिपाई ताडकन उठला आणि त्याने कडक सलाम ठोकला. मी तो परत केला.

"सलाम मला हाय, शहापूर," कैदी म्हणाला.

मग त्यांची वर्दी नदीकाठच्या निर्गुडीतून आणली गेली. त्यांनी ती चढवली, पायपट्ट्या गुंडाळल्या, शेवटी कमरेचा पट्टा आवळला, आणि तेव्हा कुठे मला खरा जमादार दिसला. वाटलं, आता कानाखाली बसणार. ते म्हणाले, "रिपोट दे."

"एक मानूस धरला, एक सोडला."

"धरला त्यो कोन?"

"तुमी."

"बरोबर," ते म्हणाले. "रिपोट कदी खोटा द्यायचा न्हाय."

असे आमचे नागोजी जमादार. मूळचे येळ्ळूरचे. तरुणपणी बेळगावच्या क्यांपात पलटणीत भरती झाले, जर्मनच्या पहिल्या लढाईत बोटीने बसऱ्याला गेले, आणि परत आल्यावर पोलिसात शिरले. पण पलटणीतून ते आले, पलटण काही त्यांच्यातून गेली नाही. माणसाला ते त्याच्या गावाच्या नावाने हाक मारत, कारण पलटणीत तसं होतं. मी शहापूर. मुनशी अंकली. घोडासुद्धा, तो ज्या बाजारात घेतला त्या बाजाराच्या नावाने, संकेश्वर. त्यामुळे "संकेश्वरला पाणी दाव आन शहापूरला खरारा कर" असले हुकूम निघत, आणि ते चुकून निघाले असं मला कधीच वाटलं नाही.

उन्हाळ्यात कुणी कपाळाचा घाम पुसला की त्यांचं सुरू. "ह्ये ऊन? ह्येला बसऱ्यात सावली म्हंत्यात." थंडीत कुणी कुडकुडला तरी बसरा. भाजीत मीठ जास्त पडलं तरी बसरा. आम्हाला वाटायचं, जगातलं सगळं वाईट एकदा बसऱ्यात घडून गेलेलं आहे, आणि निपाणीला मिळतं ते उरलंसुरलं.

घरीसुद्धा तोच कारभार. पोलीस लाईनीतल्या त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभे राहून ते विचारत, "रिपोट?" आतून त्यांची बायको गंगूआक्का ओरडायची, "भाकरी करपली, सरपान ओलं हाय, शेजारनीशी भांडान झालं, जिकलो!" मग जमादार आत जात. गंगूआक्का ही त्यांच्या आयुष्यातली एकमेव वरिष्ठ अधिकारी. बारीक, काटक, आणि जिभेला सुट्टी नाही. तिने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आपादमस्तक न्याहाळून विचारलं, "ह्योच व्हय? ह्येनं बांधलं?" आणि मग जेवायला वाढलं.

जमादारांचा जीव कुठे असेल तर तो पट्ट्यात. चामड्याचा रुंद पट्टा, पितळी बक्कल. रोज सकाळी चिंच आणि राख घेऊन ते बक्कल असं घासत की त्यात बघून मिशा कापत. खाकी चड्डी त्यांना सरकारातून मिळाली ती एखाद्या ढेरपोट्या माणसाच्या मापाची. नुसती कमरेवर राहायची नाही, पट्टा आवळला की पंख्यासारख्या चुण्या पडायच्या. गंगूआक्काने कितीदा म्हटलं, आत नाडी घालून देते. ते डोळे वटारत. "नाडी इजारीला. वर्दीला पट्टा. फौजेतला मानूस नाडी बांदत न्हाय."

या पट्ट्याबद्दल मला एकदा त्यांनी गंभीरपणे काहीतरी सांगितलं होतं. ते शिपाई असताना त्यांच्या जमादाराने काही गुन्हा केला, आणि वरच्या साहेबाने ठाण्याच्या पायरीवर सगळ्यांसमोर त्याचा पट्टा काढून घेतला. बाजार भरला होता. तो माणूस खाली बघत गेला आणि पुन्हा निपाणीत कुणाला दिसला नाही.

"शहापूर, पट्टा सरकारचा. एक दिस द्यावाच लागतोय," जमादार म्हणाले. "पर काढून घेतला आन काढून दिला, ह्यात फरक हाय. मी माज्या हातानं काढून देनार. एवडंच मागनं हाय."

मी मान डोलावली. आणि त्याच आठवड्यात त्यांचा पट्टा जायची वेळ माझ्यामुळे आली.

झालं असं, की गुंडूचा सासरा पलीकडच्या गावचा पाटील. जावई पंगतीतून उचलला गेला हे त्याच्या वर्मी लागलं. जावई भिजून परत आला हे त्याहून लागलं. त्याने संस्थानात ओरड केली, की खालसातला जमादार आमच्या हद्दीत शिरून माणूस पळवतो. ओरड बेळगावच्या पोलीस साहेबापर्यंत गेली. आता हद्द ओलांडली असं ठरलं तर पट्टा गेलाच. आणि ओलांडताना पाहणारा, फिर्यादीकडचा नसलेला साक्षीदार जगात एकच. तो मी.

मोटार लॉरीतून आम्ही दोघं बेळगावला निघालो. मी वाटेत तीन-चार चांगल्या थापा तयार केल्या. एकीत तर मगर होती. जमादार बाहेर बघत होते. हत्तरगीच्या पुढे म्हणाले, "शहापूर, खोटं बोलू नगंस."

"पर आप्पा..." ठाण्यात सगळे त्यांना आप्पा म्हणत.

"तुला जमायचं न्हाय, आन मला पचायचं न्हाय. भ्यालास?"

"व्हय."

"भ्यायचं ते घरी जाऊन. डूटीवर न्हाय." हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मला वाटायचं, पलटणीतली फुशारकी.

साहेब गोरा होता, लालबुंद, आणि पुस्तकातून मराठी शिकलेला. त्याने मला समोर उभं केलं.

"नदीतून कोण आले?"

"एक कोट आन एक लंगोट, साब."

"नीट सांग. जमादार पलीकडून येत असताना तू त्यास पाहिलेस काय?"

"न्हाय साब. जमादार दिसला असता तर मी सलाम केला असता. मी बांधला."

"काय केलेस?"

"बांधला, साब. आदी गाठ चुकली. मग त्यानंच सांगितलं, अंगठा आत घे."

साहेबाने पाईप तोंडातून काढून टेबलावर ठेवला. "त्याच्या अंगावर वर्दी होती काय?"

"न्हाय साब."

"पट्टा?"

"पट्टा कशावर बांदनार साब? चड्डीच नव्हती."

"आणि दुसरा मनुष्य?"

"त्याला मी सोडला. भला मानूस वाटला. त्यानं माजं नाव वर कळवतो म्हनून सांगितलं हुतं. कळवलं का, साब?"

साहेब उठून खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. बराच वेळ त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं, संतापला. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला, "साब, ह्यो खरं बोलतोय, पर त्येला कळत न्हाय. मी गेलतो पलीकडं. मीच आनला."

या माणसाने स्वतःच्या हाताने पट्ट्याचं बक्कल सोडून साहेबापुढे ठेवल्यासारखंच झालं की!

साहेब वळला. डोळे पाण्याने भरलेले. "जमादार, तुला मी काहीएक विचारले नाही," तो म्हणाला. "साक्षीदाराने सांगितले आहे. सरहद्द ओलांडणारा मनुष्य उघडा होता. पोलीस हा उघडा नसतो. सबब पोलिसाने सरहद्द ओलांडली नाही. परंतु एक जमादार कामाच्या वेळी वर्दीशिवाय सापडला, ही बेशिस्त आहे. त्यास मैदानावर शिक्षेची कवायत. आणि या गाढवासही."

शिक्षेची कवायत म्हणजे सकाळच्या प्रहरी खांद्यावर बंदूक घेऊन मैदानभर चालायचं, वळायचं, पळायचं. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला ही शिक्षा म्हणजे हाडं मोडायचाच बेत. पण पहिल्या दिवशी मैदानावर पाय ठेवला आणि जमादारांचा चेहरा असा फुलला की वाटावं, माहेरी आले. बूट असे आपटत की झाडावरचे कावळे उडत. शिक्षा देणारा हवालदार दमला, त्याच्या आज्ञा हे स्वतःच द्यायला लागले. "लेफ रैट, लेफ रैट, शहापूर, त्यो तुजा डावा पाय न्हवं!" नवे रंगरूट नाश्ता सोडून बघायला येऊ लागले. शेवटी साहेबाने शिक्षा लवकर संपवली, तर जमादार त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, "साब, अजून दोन दिस दिलासा तर ह्यो शहापूर जरा सरळ चालंल." माझ्यासाठी एवढी रदबदली आजवर कुणी केलेली नाही.

गुंडू मात्र मोकळाच होता, आणि तो कसा सापडला हेही सांगतो, कारण त्यातही मी आहे. निपाणीचा आठवड्याचा बाजार. तंबाखूची पोती, बैलगाड्या, शिंका. गर्दीत गुंडू एका म्हशीच्या पाठीवरून मायेने हात फिरवताना मला दिसला. मी ओरडलो, तो पळाला, मी मागे. जमादार पळण्यातले उरले नव्हते. ते होते तिथेच उभे राहिले, छातीत वारा भरला, आणि अख्ख्या बाजाराच्या डोक्यावरून आवाज टाकला, "हाल्ट!"

गुंडू थांबला. उजवा पाय, डावा पाय, टाच टाचेला. त्याचं कारण असं, की याआधी दोनदा तो आमच्या कोठडीत राहून गेला होता, आणि जमादार कोठडीतल्यांनाही रोज सकाळी कवायत देत. "बसून बसून हाडं गंजत्यात," म्हणत. ती कवायत गुंडूच्या पायांत मुरली होती.

पण ती माझ्याही पायांत मुरलेली. गुंडू माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि मीही थांबलेला. टाच टाचेला, नजर समोर. हात पुढे केला असता तर त्याची मानगूट माझ्या मुठीत होती. मी हात केला नाही. हुकूम नव्हता.

"गुंडू, अबौट टर्न! शहापूर, तू नगं फिरू! गुंडू, कुईक मार्च!"

गुंडू फिरला आणि डावा-उजवा करत, कोपर न वाकवता, जमादारांपुढे जाऊन उभा राहिला. बाजाराने टाळ्या वाजवल्या. मी अजून तसाच, दुसऱ्या दिशेला तोंड करून. जमादार गुंडूला घेऊन ठाण्यावर पोचले, चहा झाला, तेव्हा कुणाला तरी माझी आठवण झाली आणि मला मोकळं करायला माणूस पाठवला.

मग चलेजावचे दिवस आले. निपाणीत झेंडा घेऊन मोठी मिरवणूक निघाली. तंबाखूच्या वखारीतल्या बाया, दुकानदार, आसपासच्या गावचे शेतकरी. आमचे त्या वेळचे फौजदार नवे आणि तापट. त्यांनी हुकूम दिला, "जमादार, काठ्या चालवा. पांगवा ह्यांना." आणि ते घोड्यावर बसून दुसऱ्या टोकाला गेले.

आम्ही काठ्या घेऊन उभे. समोरून लोक घोषणा देत येतायत. पुढे त्याच बाया, ज्यांच्याकडून गंगूआक्का रोज सरपण घ्यायची. मी जमादारांकडे पाहिलं. ते काठ्यांकडे बघत नव्हते, माणसांकडेही नाही. पायांकडे बघत होते. हळूहळू त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या.

"ह्ये काय चालनं झालं?" ते म्हणाले. "झेंडा हातात हाय, आन पाय बगा, जत्रंत हरवलेल्या शेरडागत!" आणि तडक रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. "आरं, राज्य घ्यायला निगालासा ना? मग नीट चाला की! डावा पाय पुढं! बायांनी बी! लेफ! रैट!"

पहिल्या रांगेला काय करावं कळेना. पण तो आवाज ऐकून पाय न उचलणारा माणूस मी पाहिलेला नाही. रांगा झाल्या. पाय पडू लागले. घोषणासुद्धा ठेक्यात आली. आणि जमादार त्या सगळ्या मिरवणुकीच्या पुढे, काठी काखेत, मागे आम्ही शिपाई, अशी ती फौज बाजारातून, वखारींवरून, कोगनोळीच्या रस्त्याला लागली. ऊन रणरणत होतं, म्हणजे बसऱ्यातली सावली होती. गाव मागे पडलं, मळे लागले. जमादार थांबायचं नाव घेईनात. घोषणा आधी बारीक झाल्या, मग पाण्याची चौकशी सुरू झाली. पार लांबच्या वडाखाली त्यांनी सगळ्यांना थांबवलं, रांगेवरून नजर फिरवली, आणि समाधानाने म्हणाले, "आता झाली मिरवनूक. डिसमिस!"

लोक पायाचे तळवे चोळत, हसत, शिव्या देत आपापल्या घरी भाकरीला गेले.

फौजदार घोडा दामटत आले तेव्हा वडाखाली फक्त आम्ही. "मी काठ्या चालवायला सांगितल्या होत्या! पट्टा उतरवीन तुमचा!"

"पांगवा म्हनालासा, साब," जमादार म्हणाले. "पांगलं की."

प्रकरण पुन्हा बेळगावला गेलं. तोच लाल साहेब. त्याने म्हणे एवढंच विचारलं, जखमी किती? एक, असं उत्तर गेलं. कोण? तर शहापूरचा शिपाई, टाचेला फोड आला. साहेबाने ते प्रकरण तिथेच मिटवलं. पण ते मिटलं हे आम्हाला कळेपर्यंत मध्ये एक संध्याकाळ गेली, आणि त्या संध्याकाळी मी लंगडत जमादारांच्या खोलीवर गेलो होतो.

दारातून पाहिलं तर जमादार चुलीपाशी भिंतीला टेकून बसलेले. पट्टा मांडीवर. दोन्ही हात थरथरतायत, दातसुद्धा. गंगूआक्का त्यांना बशीतून नव्हे, तांब्यातून चहा पाजत होती, सांडू नये म्हणून. मी घाबरून म्हटलं, "आक्का, ताप आला का? वैद्याला आनू?"

"बस खाली, बोंबलू नगंस," ती हळू आवाजात म्हणाली. "डूटीवरचं ऱ्हायलेलं भ्यायला लागलाय. लढाईवरनं आल्यापास्नं असंच हाय ह्येचं. तकडं भ्यायला येळ मिळाला न्हाय. आता घरात येऊन भितोय. हुतंय बरं."

मी खाली बसलो. तिने मलाही चहा दिला. थोड्या वेळाने थरथर थांबली. जमादारांनी डोळे उघडले, मला पाहिलं, पट्टा उचलला आणि म्हणाले, "शहापूर, रिपोट?"

"फोड फुटला, आप्पा."

"बरं झालं," ते म्हणाले. म्हणजे ती फुशारकी नव्हती, तर.

पुढे माझी बदली बेळगावला, हेडक्वार्टरच्या सामानाच्या कोठीवर झाली. जिथे चूक करायला जागा कमी, अशी ती जागा होती. आणि सत्तेचाळीस साल उजाडलं. लाल साहेब बोटीने निघून गेला. मैदानावरच्या खांबावर नवा झेंडा आला, आणि थोड्याच दिवसांत नागोजी जमादार नोकरी संपवून सामान जमा करायला बेळगावला आले.

सकाळी मैदानावर त्यांनी शेवटची कवायत घेतली. मग कोठीवर आले. मी टेबलामागे उभा. नव्या माणसांनी दाराशी गर्दी केली होती. जमादारांनी काठी ठेवली, पायपट्ट्या सोडून ठेवल्या. मग कमरेच्या बक्कलावर हात नेला आणि तिथे थांबले. तो हात जराही थरथरत नव्हता. बक्कल सुटलं. पट्टा त्यांनी नीट गुंडाळला, अंगठ्याने बक्कलावरचा न दिसणारा डाग पुसला, आणि माझ्या हातात दिला.

"माज्या हातानं," ते म्हणाले.

मी असा कडक सलाम ठोकला, की माझ्या आयुष्यात तसा एकच जमला. त्यांनी सलाम घेतला. अबौट टर्न केलं. आणि निघाले.

तेव्हा ती घसरली.

चड्डी. सरकारी, ढेरपोट्याच्या मापाची, इतकी वर्षं त्या पट्ट्याने धरून ठेवलेली. ती कमरेवरून सुटली आणि जमादारांच्या डाव्या हाताने तिला वरच्या वर झेललं. हसायचं की नाही, हुकूम नव्हता. जमादारांनी मान वळवली नाही, पावलं चुकवली नाहीत. डाव्या मुठीत चड्डी, उजवा हात खांद्यापर्यंत झोकात, असे ते मैदान ओलांडून फाटकाबाहेर गेले.

बाहेर गंगूआक्का बैलगाडीत बसली होती. गाडी गुंडूची. सुटून आल्यावर तो भाड्याने गाडी हाकत होता, आणि बैल आपलेच आहेत असं विचारायच्या आधीच सगळ्यांना सांगत होता. जमादार गाडीत बसले नाहीत. येळ्ळूरपर्यंत चालत जाणार म्हणाले, आणि शहापूरच्या दिशेने निघालेसुद्धा. खटखटणाऱ्या मागांच्या गल्लीच्या तोंडाशी ते वळले तेव्हा मला शेवटचे दिसले. पाठ ताठ, उजवा हात पुढे-मागे, डावा कमरेवर घट्ट. मागांच्या खटक्यावर त्यांची पावलं बरोबर पडत होती, की मागच त्यांच्या पावलांवर चालले होते, कोण जाणे.

मी फाटकात उभा, डोळे पुसत. पट्टा अजून माझ्या हातात. काहीतरी बोलायला हवं म्हणून गाडीजवळ गेलो आणि म्हटलं, "आक्का, आप्पांसाठी मी काय बी करीन. कायबी लागलं तर सांगा."

गंगूआक्काने मला पहिल्या दिवसासारखं पुन्हा एकदा आपादमस्तक न्याहाळलं.

"काय करनार रं तू?" ती म्हणाली. "नगं तवा दोरानं बांदलास. आज पायजे, तर इनकराच्या पोराकडं हातभर सुतळी न्हाय! हाक रं गुंडू."